पेठेतलं घर, पोटमाळा आणि गच्चीतली बाग : माती टाकावी की कुंड्याच बऱ्या?

मधुमालती | ९ फेब्रुवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही नारायण पेठेत जुना फ्लॅट घेतला. इमारत १९६७ची, लोड बेअरिंग (म्हणजे खांब नाहीत, सगळा भार भिंतींवर), तळमजला अधिक दोन. आमचा सगळ्यात वरचा. घर ५२० चौरस फूट, डोक्यावर स्लॅब नाही, मंगलोरी कौलं. आढ्याखाली उंची चौदा फूट भरते, म्हणून निम्म्या भागात सागवानी पोटमाळा काढतोय. वर झोपायचं आणि माझं टेबल, खाली स्वयंपाकघर. घराला लागून ३१० चौरस फुटांची गच्ची आहे आणि तिचं दार फक्त आमच्या घरातून उघडतं. खरं सांगते, घर त्या दारासाठीच घेतलं.

माझं लहानपण साताऱ्याजवळ परस असलेल्या घरात गेलं. मोरीचं पाणी अळवाला, अळू आमटीला. गेली अठरा वर्षं ग्रिलमधल्या सहा कुंड्यांवर भागवलं. आता मला पाय मातीत टेकवायचे आहेत. पूर्ण गच्चीवर नऊ इंच माती, मधून लादीची वाट, कडेने मोगरा, कढीपत्ता, अळू, गवती चहा आणि कोपऱ्यात एक पेरू, असं मनात आहे. मिस्त्री म्हणतो, "टाका बिनधास्त, खाली जाड प्लास्टिक अंथरतो, काही होत नाही."

पण गच्ची आहे खालच्या काकूंच्या झोपायच्या खोलीवर. काकू ८१ वर्षांच्या, एकट्या राहतात. परवा बेसनाचे लाडू घेऊन वर आल्या, सगळं काम हौसेने पाहिलं आणि जाताना एवढंच म्हणाल्या, "गळणार नाही ना गं?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून झोप नीट नाही. अनुभवी लोकांनी सांगा, काय करू?

कुंडीप्रेमी | ९ फेब्रुवारी, रात्री १०:३१

पेठेत गच्ची! नशीबवान आहात. फोटो टाका. वाखु (वाचनखूण) साठवली.

स्ट्रक्चरवाला | ९ फेब्रुवारी, रात्री ११:०५

मधुमालतीताई, मिस्त्रीला मातीची एक गोणही वर चढवू देऊ नका. आधी हिशेब बघा.

भिजलेली माती घनमीटरला साधारण १८०० किलो भरते. नऊ इंचांचा थर म्हणजे चौरस मीटरला चारशे किलोच्या वर. तुमची गच्ची २९ चौरस मीटर. म्हणजे ऐन पावसाळ्यात काकूंच्या डोक्यावर जवळपास बारा टन. माणसं वावरतात अशा गच्चीसाठी आयएस ८७५ मध्ये (इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक) चौरस मीटरला १५० किलो लाइव्ह लोड, म्हणजे वापराचा भार, धरतात. तुमची स्लॅब तर साठीच्या उंबरठ्यावरची. आतल्या सळया किती जाडीच्या, त्यांना गंज किती, हे तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही.

पाणी झिरपण्याची काळजी नंतर. आधी वजन.

पेठकर | १० फेब्रुवारी, सकाळी ७:२०

स्ट्रक्चरवाला, एकदम घाबरवू नका हो. पेठेतल्या निम्म्या गच्च्यांवर वाफे आहेत. आमच्या शेजारी तीस वर्षं तुळशी, जास्वंद, अगदी शेवगासुद्धा आहे.

१९६७ची इमारत म्हणजे बहुतेक पुरानंतरची. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकडच्या पेठांतले मातीच्या भिंतींचे वाडे अक्षरशः विरघळले. वडील सांगायचे, पाणी उतरल्यावर गल्ली ओळखू येत नव्हती, सगळीकडे चिखलात तुळया उभ्या. त्यानंतर ज्यांनी बांधलं त्यांनी मजबूत बांधलं. त्या काळचं काम आजच्यासारखं नव्हतं.

स्ट्रक्चरवाला | १० फेब्रुवारी, सकाळी ९:४८

पेठकर, भिंतींबद्दल तुमच्याशी सहमत. त्या काळच्या चौदा इंची विटांच्या भिंती आजही खणखणीत असतात. स्लॅबबद्दल नाही. लोखंड जुनं झालं की त्याला काळाचा मान कळत नाही. पाणी पोचलं की ते गंजतं, गंजलं की फुगतं आणि काँक्रीट फोडून बाहेर येतं. शेजारच्यांच्या शेवग्याखाली कोण राहतं, त्यांना एकदा विचारा.

ताई, आणखी एक काम करा. टेप घेऊन काकूंच्या घरी जा आणि त्यांच्या भिंती नेमक्या कुठे आहेत ते मोजून वर खडूने आखा. लोड बेअरिंगमध्ये भिंतीच्या डोक्यावर ठेवलेलं वजन सरळ भिंतीतून इमारतीच्या पायात उतरतं, खोलीच्या मधोमध ठेवलेलं स्लॅबला वाकवतं. जड ते भिंतीवर, मध्य मोकळा. जाताय तर छतही नीट बघून या.

गिरगावची_जाई | १० फेब्रुवारी, दुपारी १:१५

अवांतर : पोटमाळा शब्द वाचून जीव सुखावला. मासिकवाले याला हल्ली "लॉफ्ट अपार्टमेंट" म्हणतात. आमच्याकडे लॉफ्ट म्हणजे न्हाणीघरावरचा तो अडीच फुटी कप्पा, जिथे गणपतीचं मखर, आजीची तांब्याची घंगाळं आणि १९९४चा बंद पंखा सुखाने नांदतात. मला आधी वाटलं, ताई तिथेच झोपणार!

न्यूयॉर्कची_वारी | १० फेब्रुवारी, रात्री ८:५५

जाई, हसून पुरेवाट.

तो मासिकातला लॉफ्ट इथला. न्यूयॉर्कच्या सोहो भागात ओतीव लोखंडाच्या दर्शनी भागांच्या जुन्या गोदामांत आणि कारखान्यांत कारखानदारी मंदावल्यावर चित्रकार, शिल्पकार राहायला गेले, कारण भाडं कमी आणि छत उंच. राहणं बेकायदा होतं. १९७१मध्ये तिथे कलावंतांना राहायची मुभा मिळाली आणि १९८२मध्ये अशा इमारतींतल्या भाडेकरूंना संरक्षण देणारा लॉफ्ट लॉ आला. आज तिथले भाव ऐकले की कलावंतांनी त्या रस्त्यावर नुसतं फिरावं अशी परिस्थिती आहे.

गिरगावची_जाई | १० फेब्रुवारी, रात्री ९:३०

१९८२! त्याच वर्षी १८ जानेवारीला आमच्या गिरणगावात संप सुरू झाला. माझे मामा तेव्हा कापडगिरणीत साच्यावर (मागावर) होते. आमच्याकडेही गिरण्यांच्या उंच छताच्या, दगडी भिंतींच्या इमारती होत्याच की. त्यांत कुणाची घरं झाली नाहीत, मॉल झाले आणि कचेऱ्या झाल्या. १९९१च्या नियमात गिरणीची जमीन तीन वाट्यांत विभागायची होती : एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१मध्ये नियम फिरला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची राहिली. बागा आणि घरं दोन्ही तिथेच आटली. आजही लोअर परळवरून जाताना मला गिरणीची चिमणी दिसली की मामाच आठवतात.

असो. ताईंच्या बागेचा धागा आहे, थांबते.

वकिलीण | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:०२

जाई, थांबू नका, पण मी मूळ विषयाकडे वळते. कुणी विचारलंच नाही : गच्ची नक्की कुणाची?

दार तुमच्या घरातून उघडतं म्हणून गच्ची तुमची होत नाही. खरेदीखत काढा. त्यात गच्चीचा उल्लेख आहे का, "केवळ वापराचा हक्क" आहे की काहीच नाही? मग महापालिकेकडून मंजूर नकाशाची प्रत काढा आणि तिथे गच्ची कशी दाखवली आहे ते बघा. रेराच्या (घरखरेदीदारांसाठीच्या कायद्याच्या) व्याख्येत एखाद्या फ्लॅटपुरती असलेली उघडी गच्ची चटई क्षेत्रात धरत नाहीत, पण अशी गच्ची असू शकते हे कायदा मानतो. तुमची तशी आहे का, हे कागदच सांगेल.

आणि सोसायटीचं लेखी ना-हरकत घ्याच. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची आणि पॅरापेटची (कठड्याच्या भिंतीची) दुरुस्ती सोसायटीने करायची असते. पण तुम्ही वर माती टाकलीत आणि गळलं, तर सोसायटी हात वर करणार, आणि ते चूक म्हणता येणार नाही. इमारत तीस वर्षांच्या वरची आहे, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) दर तीन वर्षांनी व्हायला हवं. शेवटचा अहवाल मागा.

पेठकर | ११ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

सहा बिऱ्हाडांची सोसायटी, त्यात ऑडिट? वकिलीणबाई, आमच्याकडे वार्षिक सभेला चहा पिऊन लोक घरी जातात.

ताई, कागद रंगवत बसलात तर पावसाळा येईल. समोरासमोर बसून बोला, पेठेत अजून शब्द चालतो.

वकिलीण | ११ फेब्रुवारी, दुपारी १:०५

शब्द देणारी माणसं फ्लॅट विकून जातात, पेठकर. नंतर येणाऱ्याने तो शब्द ऐकलेला नसतो. अशी भांडणं मी रोज पाहते, म्हणून कळकळीने सांगतेय.

लंडनस्थ | ११ फेब्रुवारी, रात्री ११:४७

वकिलीणबाईंना अनुमोदन. आम्ही इथे व्हिक्टोरियन काळातल्या घराच्या छपराखाली खोली काढली. काम वर होतं, पण तुळया सामाईक भिंतीत बसवायच्या होत्या. १९९६च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागली. एका आजोबांनी हरकत घेतली, सर्वेअर आला, त्याने त्यांच्या भिंतीतल्या आधीच्या तडा फोटोंसह नोंदवल्या. तेव्हा चरफडलो होतो. काम संपल्यावर आजोबा एक नवी तड दाखवायला आले, फोटो काढून पाहिला तर ती जुनीच निघाली. दोघंही मोकळे झालो. काकूंच्या छताचे फोटो आजच काढून ठेवा, तुमच्यासाठीही आणि त्यांच्यासाठीही.

मधुमालती | १३ फेब्रुवारी, रात्री ९:१८

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी टेप घेऊन काकूंकडे गेले होते.

भिंती मोजल्या. मग छत बघू लागले. पलंगाच्या डोक्याशी, छताला अगदी भिडून, कालनिर्णय टांगलेलं. इतक्या उंचावर कॅलेंडर कोण लावतं? स्टुलावर चढून उचललं, तर मागे हातभर प्लॅस्टर फुगलेलं. बोट लावलं तर पोपडा हातात आला आणि आत तपकिरी सळईची रेघ. काकू म्हणाल्या, "सात-आठ वर्षं झाली. तुमच्या आधीच्यांना दोनदा सांगितलं. मग म्हटलं, दिसायला नको."

मला रडू आलं. अजून माती टाकलेली नाही तर ही अवस्था.

खरेदीखतात "लगतच्या गच्चीचा केवळ वापराचा हक्क" असं स्पष्ट आहे. मंजूर नकाशाची प्रत मागितली आहे.

स्ट्रक्चरवाला | १३ फेब्रुवारी, रात्री ९:५०

बरं झालं पाहिलंत. आता क्रम बदला. बाग सगळ्यात शेवटी.

जुना कोबा (गळती थांबवायला स्लॅबवर घातलेला थर) पूर्ण फोडून स्लॅब उघडी करा. वरून गळतीची जागा दिसेल. खालून सुटं काँक्रीट काढून, सळया घासून, गरज असेल तिथे नव्या जोडून पॉलिमर मॉर्टरने भरून घ्या. कॉन्ट्रॅक्टर नको, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा आणि त्याचं लेखी घ्या. पोटमाळ्याचे सर (आडव्या तुळया) भिंतीत नुसतं भोक पाडून घुसवले असतील तर तेही त्याला दाखवा. सराच्या टोकाखाली काँक्रीटचा बेड ब्लॉक हवा, नाहीतर जुन्या विटा तिथे चुरतात.

नाना_कोथरूड | १४ फेब्रुवारी, सकाळी ६:५५

पोटमाळ्याचा विषय निघाला म्हणून. मी अशा माळ्यावर कॉलेजची चार वर्षं काढली. कौलाखाली एप्रिल-मे महिन्यांत दुपारी भट्टी असते, कारण गरम हवा सगळी तिथेच जाऊन बसते. कौलांखाली फळ्यांचं छत करा, मधे चार बोटं पोकळी सोडा आणि आढ्याजवळ हवा बाहेर पडायला जाळी ठेवा. एसीपेक्षा याने जास्त फरक पडतो.

आणि दोन काचेची कौलं बसवा. माझ्या माळ्यावर एकच होतं. सकाळी सातला उजेडाचा चौकोन उशीवर असायचा, नऊला पुस्तकांवर, अकराला जिन्याच्या पहिल्या पायरीवर. घड्याळ बघायची गरज पडत नसे.

कुंडीप्रेमी | १४ फेब्रुवारी, सकाळी ८:१०

नाना, सुंदर लिहिलंत.

ताई, एक कळकळीची विनंती. आयडी मधुमालती असला तरी ती वेल कौलांवर चढवू नका. फांद्या कौलांच्या फटीत शिरून ती उचलतात, पानं पन्हळीत साचतात आणि पहिल्याच वळवाला पाणी घरात. लोखंडी कमान करून तिच्यावर चढवा.

मधुमालती | २२ मार्च, रात्री १०:४०

उशिराने लिहितेय. घरात धूळच धूळ आहे.

इंजिनिअर आले, ना-हरकत मिळाली (सभेत चहाही झाला, पेठकर काका!). कोबा फोडला तर खाली दुसरा कोबा! वर चायना मोझॅकचा (फरशीच्या तुकड्यांचा) सिमेंटचा थर, खाली जुना चुन्याचा. दोन्ही मिळून साडेसात इंच. इंजिनिअरांच्या हिशेबाने सुमारे दहा टन. अडीचशेच्या वर गोण्या त्या अरुंद जिन्यावरून खाली गेल्या, बिगाऱ्यांचे हाल बघवत नव्हते, रोज दुपारी ताक करून ठेवत होते. चुन्याचा थर इतका कठीण की छिन्नी उडायची.

मनात एक आशा आली आहे. दहा टन उतरले, मग तेवढी माती चालेल ना?

पेठकर | २२ मार्च, रात्री ११:१५

तो चुना गूळ-हिरड्याच्या पाण्यात मळलेला असणार. तुकडा जपून ठेवा. आणि चालेल की माती, पन्नास वर्षं उचललंच ना त्या स्लॅबने!

स्ट्रक्चरवाला | २३ मार्च, सकाळी ७:०५

नाही. पेठकर, नाही. उचललं, पण कसं उचललं ते त्या कॅलेंडरमागे दिसलं. गळलं की वर आणखी एक थर चढवायचा, ही आपल्याकडची सवय आहे आणि तिनेच स्लॅबा मरतात. उतरलेलं वजन ही शिल्लक समजू नका, ती स्लॅबची थकबाकी होती.

आता पातळ काम करा : चांगला मेम्ब्रेन (पाणी अडवणारा पडदा), त्यावर सिमेंटचा पातळ स्क्रीड, शंभराला एक उतार, पॅरापेट आणि गच्ची मिळतात त्या कोपऱ्यात गोलाई, आणि पाणी जायला नहाणी ट्रॅप एक नाही, दोन. मग दारात बंधारा घालून ४८ तास पाणी साठवा. काकूंच्या खोलीत खुर्ची टाकून बसा, छताकडे बघत.

चिपाडं | २३ मार्च, सकाळी १०:२०

माती नाही म्हणजे बाग नाही असं का धरलंय सगळ्यांनी? मी डोंबिवलीत चौदा वर्षं उसाच्या चिपाडांत भाजी काढतोय. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी हीच पद्धत अनेकांना शिकवली. रसवंतीवाल्याकडून चिपाडं आणायची, तळाशी दाबून भरायची, वर ओला कचरा आणि पालापाचोळा, अगदी वर दोन-तीन इंच माती. चिपाडं कुजून बसतात, वर्षातून दोनदा भर घालायची. भिजल्यावरसुद्धा मातीच्या निम्म्याच्या आसपास वजन. वांगी, मिरची, दुधी, सगळं येतं. सुरुवातीला मुंग्या येतात, कडुनिंबाची पेंड टाकली की जातात.

साधी बारा इंची कुंडी मातीने भरून भिजवली तर पंचवीस-तीस किलो होते. चाळीस कुंड्या म्हणजे टनभर. कुंड्यांनाही वजन असतं, हे लोक विसरतात.

सुलभा_मावशी | २३ मार्च, दुपारी ४:००

आरओचं टाकाऊ पाणी झाडांना घालू नका असं मी सगळ्यांना सांगते. क्षार साठून माती पांढरी पडते. घालायचंच तर साधं पाणी निम्म्याने मिसळून. आणि पॅरापेटच्या फटीत पिंपळ दिसला की दोन पानांचा असतानाच उपटा, मूळ धरलं की भिंत फोडतो.

मधुमालती | ६ जुलै, रात्री ९:३०

शेवटी काय केलं ते सांगायला आले.

माती टाकली नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण खडूने आखलेल्या दोन भिंतींच्या वर, दीड फूट रुंद, पाय असलेले वाफे केले. खाली चार इंच मोकळं, झाडू जातो, पाणी वाहतं. आत चिपाडं, कोकोपीट, गांडूळखत, थोडी माती. जिथे दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात अर्ध्या पिंपात पेरू. मध्य मोकळा, तिथे फक्त एक चटई. जागा इंजिनिअरांना दाखवून मगच ठेवल्या. मधुमालती कमानीवर आहे, कुंडीप्रेमी. माळ्यावर दोन काचेची कौलं बसवली, नाना. सकाळचा चौकोन माझ्या टेबलावर येतो.

मे महिन्यात पाणी साठवून ४८ तास ठेवलं. मी आणि काकू खाली त्यांच्या खोलीत पत्ते खेळत बसलो होतो, दर डावाला वर बघत. एक थेंब नाही. गेल्या आठवड्यात तीन दिवस सलग पाऊस झाला, तेव्हाही नाही. कालनिर्णय आता स्वयंपाकघरात, डोळ्यांच्या उंचीवर आलं आहे. काकू रोज चारला वर येतात, चटईवर बसवत नाही म्हणून त्यांची खुर्ची भिंतीच्या रेषेवर ठेवली आहे.

फक्त अळू रुसलाय. पानं तळहाताएवढीच येताहेत, कडेने पिवळी. परसात कानाएवढी व्हायची, हत्तीच्या. काय चुकतंय?

सुलभा_मावशी | ६ जुलै, रात्री ९:५२

उपाशी आहे. चिपाडं कुजताना नत्र स्वतःच खाऊन टाकतात. जुनं कुजलेलं शेणखत दोन ओंजळी बुंध्याशी घाल, पंधरा दिवसांनी परत. आणि वाफ्याच्या त्या टोकाला लाव, जिथे पाणी शेवटी जमतं.

चिपाडं | ६ जुलै, रात्री १०:०५

मावशींना +१. शेणखत नसेल तर शेंगदाण्याची पेंड दोन दिवस भिजवून, दहापट पाण्यात. वास येतो, काकूंना आधी सांगा.